मराठीत बोलून टाईप करताना कोणती चिन्हं बोलायची आणि कोणती नाही

तासगावहून एका नवोदित वकिलांनी विचारलं आहे: "नोटीस, खरेदीखत, कैफियत मी मोबाईलवर किंवा गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाईप करतो. शब्द बऱ्यापैकी बरोबर येतात. पण पूर्णविराम म्हटलं की कधी टिंब येतं, कधी तो शब्दच छापला जातो. कंस, तिरकी रेघ, गट नंबर, रकमा यांचा तर पार बोऱ्या वाजतो. इंग्रजीत हे सगळं नीट चालतं म्हणे. मराठीसाठी काही उपाय आहे का, की एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?"

उपाय आहे आणि त्यासाठी खिशात हात घालायची गरज नाही. मी सांगलीत दस्त आणि मसुदे टाईप करून देण्याचं काम करतो. इस्पितळांचं गाव मिरज शेजारीच असल्यामुळे डॉक्टरांचे बोलून पाठवलेले रिपोर्टही बरेच येतात. या कामात एक नियम पक्का झालाय. मजकूर नुसता वाचून जे चिन्ह कुणालाही नंतर लावता येईल, ते बोलत बसायचं नाही. जे फक्त बोलणाऱ्यालाच माहीत असतं, ते मात्र एकही सोडायचं नाही. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. प्रत्येक स्वल्पविराम घसा ताणून म्हणतात आणि गट नंबरातली तिरकी रेघ गिळून टाकतात.

"वादी हे शेतकरी असून ते मौजे तुंग तालुका मिरज जिल्हा सांगली येथील कायमचे रहिवासी आहेत" हे वाक्य चिन्हांशिवाय आलं तर काय बिघडलं? कुठलाही कारकून दोन स्वल्पविराम आणि शेवटचा पूर्णविराम डोळे मिटून देईल. जुन्या मोडी दस्तांत तर विरामचिन्हं नसायचीच, शब्दही सुटे लिहिलेले नसायचे, तरी जाणकार ते आजही वाचतात. आपल्याकडे ही चिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मराठी कोशाचं काम करणारे इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांच्या काळात. पण आता हे बघा: "गट नंबर दोनशे चौदा दोन ब". हा २१४/२/ब आहे, २१४/२ब आहे, की २१४ मधला २ब हिस्सा आहे? समोर सातबारा नसेल तर हे कुणीही सांगू शकणार नाही. असल्या ठिकाणी चिन्ह बोललंच पाहिजे.

आधी मराठीत हे का अडतं ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. आवाज ओळखणारी यंत्रणा आवाजातून शब्द काढते आणि कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, यावरून त्यातले योग्य शब्द निवडते. "कॉमा" हा शब्द उमटवायचा की त्याजागी "," द्यायचं, हा निर्णय त्यानंतर होतो. त्यासाठी प्रत्येक भाषेत वेगळी तयारी करावी लागते. आकड्यांचंही तसंच. "पंचवीस टक्के" ऐकून "२५%" लिहिणं हे वेगळंच काम आहे. इंग्रजीत ही तयारी फार जुनी. ड्रॅगन कंपनीचं बोलून टाईप करायचं पहिलं सॉफ्टवेअर १९९० चं. त्यात प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. १९९७ ला त्यांनी सलग बोललेलं टिपणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. म्हणजे इंग्रजीत चिन्हं बोलायची सवय माणसांनाही आहे आणि यंत्रालाही. गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शब्दांच्या बाबतीत तिने चांगली मजल मारली. पण चिन्हांचे शब्द सगळ्या भाषांत चालतीलच असं नाही, हे गूगलच्याच मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. मजकूर निवडणं, खोडणं, ठळक करणं या तोंडी आज्ञा तर तिथे फक्त इंग्रजीत चालतात. तेव्हा तुमचा उच्चार चुकतोय या समजुतीने घसा फोडू नका.

शिवाय आपल्या शब्दांची एक गंमत आहे. वर्तमानपत्री मराठीत वादाला पूर्णविराम मिळतो, भवितव्यावर प्रश्नचिन्ह उभं राहतं. म्हणजे यंत्राने शिकलेल्या मजकुरात हे शब्द शब्द म्हणूनच भरपूर आहेत. मग तुम्ही वाक्याच्या ओघात "पूर्णविराम" म्हणालात आणि तो अक्षरी उमटला, तर यंत्राचंही फारसं चुकलेलं नसतं. त्यामुळे चिन्हाचा शब्द म्हणताना आधी आणि नंतर किंचित थांबा. शब्दाच्या मध्ये मात्र थांबू नका. "पूर्ण… विराम" असं तोडलंत की ते दोन शब्द झाले. बाकीचं वाक्य नेहमीच्या गतीने, सलग बोला. एकेक शब्द सुटा बोलण्याची जुनी सवय आता उलट नुकसानच करते, कारण यंत्र मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधत असतं.

आता माझी पद्धत. यंत्र चिन्ह देईल अशी आशाच ठेवायची नाही. प्रत्येक आवश्यक चिन्हासाठी एक खुणेचा शब्द ठरवायचा, तो शब्द म्हणूनच उमटू द्यायचा आणि सगळं बोलून झाल्यावर "शोधा आणि बदला" वापरून एकदम बदलून घ्यायचा. खुणेचा शब्द निवडताना दोन गोष्टी बघायच्या. एक, तो तुमच्या मजकुरात एरवी येता कामा नये. दोन, तो दरवेळी एकाच प्रकारे लिहिला गेला पाहिजे.

इथे पुष्कळ शब्द गळतात. पूर्णविरामासाठी "दंड" घ्याल, तर वकिलाच्या मजकुरात "पाच हजार रुपये दंड" येणारच. कीर्तनकारांना "कंस" चालत नाही, कारण त्यांच्या कथेत कंसमामा असतो. वकिलांना मात्र तो बिनधोक चालतो. "कॉमा" कधी "कॉमा" तर कधी "कोमा" असा उमटतो आणि डॉक्टरांच्या रिपोर्टात पेशंट खरोखरच कोमात असू शकतो. "स्वल्पविराम" जोडाक्षरांमुळे तोंडात घोळतो. आपल्याकडे त्याचा "सल्पविराम" होतो आणि मग यंत्र भलतंच काही तरी लिहितं. सगळ्यात घातक "अपूर्णविराम". बोलताना पहिला "अ" सहज गिळला जातो आणि कानाला "पूर्णविराम"च ऐकू येतो. त्याच्या जागी सरळ "कोलन" म्हणा.

माझे शब्द असे आहेत. पूर्णविरामासाठी "फुलस्टॉप", नव्या परिच्छेदासाठी "पॅराग्राफ", कंसासाठी "कंस चालू" आणि "कंस बंद", अवतरणासाठी "अवतरण चालू" आणि "अवतरण बंद", तिरक्या रेघेसाठी "स्लॅश", आडव्या छोट्या रेघेसाठी "हायफन". बस. स्वल्पविरामाला खूणच नाही, तो हाताने. अर्धविराम तर दस्तात माझ्या मते कुणाला हवाही नसतो. शुद्ध मराठी शब्दांचा आग्रह असणाऱ्यांनी तो जरूर धरावा. फक्त बदलताना "पूर्णविराम" आणि "पूर्ण विराम" अशी दोन्ही रूपं शोधायची तयारी ठेवावी, कारण यंत्र दोन्ही देतं.

एक सोपी चाचणी घ्या. ठरवलेला प्रत्येक शब्द चारपाच वेगवेगळ्या वाक्यांत बोलून बघा. एकदा जरी वेगळा उमटला, तरी तो शब्द टाका आणि दुसरा शोधा. "स्लॅश" माझ्याकडे नीट येतो, तुमच्या फोनवर कदाचित "स्लाश" येईल. दरवेळी "स्लाश"च येत असेल तर तोही चालेल, बदलताना "स्लाश" शोधायचा.

बदलताना एक बारकावा आहे आणि बहुतेक जण इथेच वैतागतात. यंत्र प्रत्येक शब्दाआधी मोकळी जागा सोडतं. नुसतं "फुलस्टॉप" शोधून टिंब घातलंत, तर "आहे ." असं टिंब लांब लटकतं. म्हणून शोधायच्या रकान्यात आधी स्पेस द्या, मग "फुलस्टॉप" लिहा. बदलायच्या रकान्यात फक्त टिंब. "कंस चालू"चं उलटं: तिथे स्पेस शब्दानंतर द्यायची, म्हणजे कंस पुढच्या अक्षराला चिकटतो. "स्लॅश" आणि "हायफन"साठी आधीही आणि नंतरही. तुम्ही "पूर्णविराम" आणि "अपूर्णविराम" दोन्ही वापरत असाल, तर आधी "अपूर्णविराम" बदलून घ्या. उलट केलंत आणि मोकळी जागा द्यायला विसरलात, तर मसुदाभर "अ." विखुरलेले सापडतील. वर्डमध्ये या बदलांचा मॅक्रो, म्हणजे साठवून ठेवलेली आज्ञांची मालिका, एकदा करून ठेवला की पुढे एका बटणाचं काम राहतं.

कोलन बदलताना आणखी एक काळजी घ्या. रकान्यात कीबोर्डवरचं कोलन द्या, विसर्ग नव्हे. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकासाठी ती वेगवेगळी अक्षरं आहेत. "चतुःसीमा" विसर्गाने लिहिलेला असेल आणि तुम्ही कोलन घालून शोधलात, तर सापडणार नाही. उलटही तसंच. म्हणूनच बरेच छापखानेवाले कोलनच्या आधी थोडी जागा सोडतात. "पूर्वेस : विहीर व रस्ता" असं लिहिलं की तो विसर्ग वाटत नाही.

आता वकिलांच्या खऱ्या दुखण्याकडे येतो, म्हणजे आकडे. तिथे चिन्ह चुकलं की जमीनच हलते.

आपल्याकडे गट नंबर सांगताना लोक "बाय" म्हणतात: "दोनशे चौदा बाय दोन". प्लॉटचं मापही "बाय"नेच सांगतात: "तीस बाय चाळीस". पहिल्यात तिरकी रेघ हवी, दुसऱ्यात गुणाकाराचं चिन्ह. पक्षकार "बाय" म्हणत असला तरी तुम्ही यंत्राशी बोलताना गटासाठी "स्लॅश" आणि मापासाठी "गुणिले" असंच म्हणा. "बाय"ला खुणेच्या यादीत जागाच देऊ नका. "सातबारा" मात्र जसा येतो तसा राहू द्या. तो शब्द म्हणूनच रूढ आहे, तिथे ७/१२ चा हट्ट कशाला?

क्षेत्र सांगताना दशांशचिन्ह न बोलता एककं बोला. सातबारावर ०.०५ हेक्टर असेल आणि तुम्ही घाईत "शून्य पॉइंट पाच" म्हणालात, तर ०.५ होतं. पाच आरचे पन्नास आर झाले, पाच गुंठ्यांच्या आसपास असलेली जमीन सव्वा एकराच्या जवळ गेली. त्याऐवजी "शून्य हेक्टर पाच आर" म्हणा. हेक्टर आणि आर हे शब्दच दशांशचिन्हाचं काम करतात आणि तपासणाऱ्यालाही सोपं जातं. डॉक्टर मंडळींना मी नेमकं उलट सांगतो. त्यांच्या डोसमध्ये एककाने भागत नाही, त्यामुळे "पॉइंट पाच मिलिग्रॅम" कधीच म्हणायचं नाही, "शून्य पॉइंट पाच" म्हणायचं. टिंब गळलं तर ".५" चा सरळ "५" होतो. शून्य पुढे असेल तर "०५" असं विचित्र काही तरी दिसतं आणि वाचणारा निदान थबकतो.

आकडे शक्यतो एकेक अंक सुटा करून बोला. आपले आकडे यंत्राला कठीण जातात, कारण सत्याहत्तर आणि सत्याऐंशी, सदुसष्ट आणि अडुसष्ट यांच्यात कानाला फार थोडा फरक आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला "वीस सात" असं दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! पोरांसाठी ते बरं की वाईट, या वादात मी पडत नाही. पण माईकसमोर बसलं की "वीस सात"वाल्यांची बाजू कळते. दस्त क्रमांक असेल तर "चार सात सात एक" असंच म्हणा. यंत्राने ते "४ ७ ७ १" असं सुटं लिहिलं तरी हरकत नाही. मधल्या जागा काढणं सोपं, चुकीचा आकडा शोधणं कठीण. देवनागरी अंक येतात की इंग्रजी, हेही एकदा बघून ठेवा. एकाच दस्तात दोन्ही मिसळले की शोधताना निम्मे हाती लागत नाहीत.

रकमेत मात्र एक हक्काची सोय आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. आपल्या दस्तात रक्कम ठरावीक साच्यातच येते: "रु. ५,००,०००/- (अक्षरी रुपये पाच लाख फक्त)". यातला कंस बोलायची गरजच नाही. "अक्षरी" हा शब्द मसुद्यात दुसरीकडे जवळजवळ येतच नाही. सरळ "अक्षरी" शोधून "(अक्षरी" करा. बंद होणारा कंस "फक्त"नंतर येतो. पण "फक्त" इतरत्रही असतो, म्हणून तिथे "सर्व बदला" दाबू नका, एकेक बघत जा. शेवटचं "/-" ही कुणी पुढे आकडा वाढवू नये म्हणून घातलेली कुलूपपट्टी आहे, ती रक्कम हाताने तपासताना हातानेच घाला. ₹ हे चिन्ह २०१० साली सरकारने स्वीकारलं आणि आता बहुतेक फॉन्टांत असतं. तरी जुन्या संगणकावर उघडायच्या दस्तात मी "रु."च ठेवतो.

"ता.", "जि.", "रा." ही संक्षेपांची टिंबं बोलून आणायच्या भानगडीत पडू नका. "तालुका", "जिल्हा", "राहणार" असं पूर्ण म्हणा आणि पूर्णच राहू द्या. अख्ख्या मसुद्यात "तालुका"चं "ता." करायला गेलात, तर "तालुका न्यायालय"चंही "ता. न्यायालय" होऊन बसेल.

आता अवतरणचिन्ह. मराठीत हे सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे आणि वकिलांसाठी सर्वांत धोक्याचं. समजा जबाबात तुम्ही बोललात: "प्रतिवादीने मला सांगितले मी पैसे परत दिले आहेत". हे "मी" कोण? प्रतिवादी म्हणतोय की पैसे त्याने परत दिले, की जबाब देणारा सांगतोय की त्याने स्वतः दिले? बोलताना आवाजाच्या चढउताराने ते कळतं, कागदावर अजिबात कळत नाही. शेवटी "असे" किंवा "म्हणून" असेल, तर बोलणं कुठे संपलं ते कळतं, पण सुरू कुठे झालं ते नाहीच. म्हणून "अवतरण चालू" हे शब्द न चुकता बोला. ते बोलायचे नसतील तर वाक्यच अप्रत्यक्ष करा: "त्याने पैसे परत दिले आहेत असे प्रतिवादीने मला सांगितले". कोर्टासाठी मी दुसरा मार्गच सुचवतो.

काही साधनांत चिन्हं आपोआप घालायची सोय असते. विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण आणि एच एकत्र दाबलं की बोलून टाईप करायची पट्टी येते, तिच्या सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. पत्रासाठी, लेखासाठी तो वापरून बघायला हरकत नाही. कायदेशीर मराठीसाठी मात्र बंद ठेवा. असली सोय तुमचं थांबणं आणि शब्दांची ठेवण बघून वाक्य तोडते. आपली दस्ताची वाक्यं "आहे व", "असून", "सबब" करत अर्धं पान चालतात आणि बोलणारा मध्येच आठवायला थांबतो. मग प्रत्येक "आहे"नंतर टिंब पडतं. नसलेलं टिंब घालायला सोपं असतं, नको असलेलं टिंब वाचताना डोळ्यांतून निसटतं.

इंग्रजी मसुद्याचं थोडक्यात. तिथे "फुल स्टॉप", "कॉमा", "न्यू लाईन", "न्यू पॅराग्राफ" बहुतेक साधनांना कळतात. कंसाच्या बाबतीत कुठली इंग्रजी निवडली आहे ते बघा. अमेरिकन इंग्रजीत नुसतं "ओपन ब्रॅकेट" म्हटलं तर चौकटी कंस येऊ शकतो, गोल कंसाला तिथे "ओपन पॅरेन" म्हणतात. मराठी मजकुरात मध्येच चिन्हापुरती भाषा इंग्रजी करून परत मराठीवर यायचा खटाटोप काही जण करतात. त्यापेक्षा हाताने चिन्ह घालणं कितीतरी लवकर होतं. गूगल डॉक्समध्ये माईक चालू ठेवूनही कर्सर हलवून दुरुस्ती करता येते. फक्त बोललेलं वाक्य पूर्ण उमटून स्थिर होऊ द्या, मग कीबोर्डला हात लावा.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. ड्रॅगनमध्ये मराठी नाही, त्यामुळे मराठी कामासाठी ते घेऊ नका. इंग्रजी मसुदे रोज पानंच्या पानं बोलणार असाल तरच त्याचा विचार करा. पक्षकाराची माहिती इंटरनेटवर पाठवायची नसेल, तर ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे आवाजावरून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालवता येतं. त्याला मराठी येते आणि ते चिन्हं स्वतःच्या मनाने घालतं, तुमच्या आज्ञेने नाही. त्याची एक खोड आधीच माहीत असू द्या: रेकॉर्डिंगमध्ये लांब शांतता आली, तर कुणी न बोललेलं वाक्यही ते लिहून टाकू शकतं. तेव्हा चहा पिताना, कागद चाळताना रेकॉर्डिंग थांबवा आणि छापण्याआधी मसुदा सातबारा शेजारी ठेवून एकदा वाचा. त्यातही आधी आकडे बघा, मग कंस, मग बाकीचं.